सॅम्पल फ्लॅट म्हणजे दुकानच!

रविवारचा पेपर हातात घ्या. बातम्या मागाहून वाचा, आधी जाहिराती बघा. पहिलं पानच बिल्डरनं विकत घेतलेलं असतं. ‘सॅम्पल फ्लॅट तयार आहे.’ ‘सहकुटुंब भेट द्या.’ सहकुटुंब! कुणाच्या कुटुंबाला हे आवतण? जाहिरातीत आडनावाची अट नाही, जातीची नाही. बिल्डरला विचाराल तर तो छातीवर हात ठेवून सांगेल, आमच्याकडं तसलं काही नसतं, पैसा तो पैसा. ठीक आहे. आवतण सगळ्यांना आहे ना? मग जायचं. घर घ्यायचं असेल तर जायचं, नि घ्यायचं नसेल तरी जायचं. वही-पेन घेऊन जायचं.

चळवळीतले काही दोस्त यावर दात काढतील. म्हणतील, झोपडपट्ट्यांवर बुलडोझर फिरतोय, नि तुम्हाला टू-बीएचकेची स्वप्नं पडतायत. पांढरपेशे झालात. दोस्तांनो, हा सवाल मी टाळत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत गावगाड्याची जी सालटी काढली ती उगाच काढली काय? गाव सोडा, शहर गाठा, हे आपल्या दोन-तीन पिढ्यांनी मनावर घेतलं. बाप चाळीत आला, पोरगा शिकला, नात बँकेत लागली. आता ती नात कर्ज मंजूर करून घेऊन घर बघायला निघते, तेव्हा तिला कळतं की गावकूस तिच्या आधीच एस्टीनं शहरात येऊन बसलंय. ते आता मातीचं नाही. त्याला लिफ्ट आहे, सीसीटीव्ही आहे नि गेटवर वॉचमन आहे. तो वॉचमनही बऱ्याचदा आपलाच. बिल्डिंगचे जिने झाडणारी बाई आपली, कचरा नेणारा आपला, बाराव्या मजल्यावर धुणीभांडी करणारी मावशी आपली. यांना सगळं घर उघडं! स्वैपाकघरापासून संडासापर्यंत. झाडू घेऊन गेलात तर कुणी आडनाव विचारत नाही, चेकबुक घेऊन गेलात की विचारतात. हा प्रश्न पांढरपेशा वाटणाऱ्यांनी त्या मावशीला एकदा विचारून बघावं.

आणि विचारतात कसं तेही ऐका. कुणी ‘तुमची जात काय’ असं तोंडावर म्हणत नाही. ते दिवस गेले, साले शहाणे झालेत. आधी फोनवर गोड बोलणं. ‘या ना ताई, रविवारी या, गाडी पाठवू का?’ मग साईट ऑफिसात एक फॉर्म भरायला देतात. नाव, हुद्दा, बजेट, सध्याचा पत्ता. फॉर्म आत जातो. आतून माणूस येतो, त्याचा चेहरा बदललेला असतो. ‘पूर्ण नाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? खाणंपिणं काय? नाही, काय आहे ना, इथं फॅमिली क्राउड आहे, बहुतेक व्हेज लोक आहेत, तुम्हालाच नंतर अवघड जाईल.’ आपल्या अवघडल्याची काळजी यांना! मग जो चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट काल शिल्लक होता तो आज ‘होल्डवर’ असतो. किंमत चढते. किंवा दुसऱ्याच एरियातली स्कीम दाखवतात, ‘तिकडं तुमचे बरेच लोक आहेत.’ हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. जुना फ्लॅट असेल तर मालक फारच सज्जन असतो. ‘मला काही नाही हो, मी मानतच नाही. पण सोसायटी...’

ही ‘मला काही नाही, पण’ची पळवाट जुनी आहे. १९१७ साली बाबासाहेब अमेरिकेत नि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा नाही. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी ओळखीच्या एका हिंदू मित्राला विचारलं, तर तो म्हणाला तू आलास तर माझे नोकर पळून जातील. ख्रिस्ती झालेला एक जण म्हणाला बायकोला विचारावं लागेल. म्हणजे त्याला काही नाही, याला काही नाही. नोकरांना आहे, बायकोला आहे! कामाठी बागेत वेळ काढून, रात्रीची गाडी पकडून तो माणूस मुंबईला परतला. शंभरावर वर्षं झाली. नोकराच्या नि बायकोच्या जागी आता सोसायटीचा सेक्रेटरी आलाय, एवढाच काय तो विकास.

म्हणून आडनाव बदलून, ‘आम्ही पाटील’ म्हणून घर मिळवणाऱ्या आपल्या माणसावर मी दगड मारणार नाही. ज्याची पोरं पावसाच्या तोंडावर उघड्यावर येणार आहेत त्यानं काय करावं हे सभेच्या स्टेजवरून सांगू नये. पण ते एका घरानं गिळलेलं दुःख झालं. त्यानं पुढच्या माणसाचं दार उघडत नाही. उलट बिल्डर पुरावा म्हणून दाखवतो की बघा, आमच्याकडं कुणाची तक्रारच नाही.

तक्रार का नाही? कायदा नाही म्हणून? इथंच आपली फसगत आहे. कायदा आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ घ्या. १९७६ पर्यंत त्याला अस्पृश्यता गुन्हे कायदा म्हणत. त्याचं कलम ४ वाचा. दुकान, हॉटेल, पाणवठा, धर्मशाळा यांच्या रांगेतच स्वच्छ लिहिलंय की कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, मिळवायला, त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं गुन्हा आहे. कुठल्याही वस्तीत! शिक्षा लहान आहे, एक ते सहा महिने नि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशेत आता बिल्डरच्या ऑफिसातल्या कॉफ्या होतील फक्त. पण याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की असं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं तर ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं कोर्ट गृहीत धरील. तसं नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं. पुढं अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली. २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. त्यात आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. व्यवहार करायला नकार देणं, धंद्यात सगळ्यांशी ज्या अटींवर व्यवहार होतो त्या अटींवर तो न करणं, हेही तिच्यात बसतं. बौद्ध झालेल्यांनी घाबरू नये, १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट घटनेत आहे. कलम १५(२). दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. हे कलम बिल्डरवर, खाजगी माणसावरही चालतं. ‘दुकान’ म्हणजे काय असा सवाल २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत आला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द अगदी व्यापक अर्थानं घ्यायचा. जिथं कुणीही यावं नि मालकानं त्याला सेवा द्यावी अशी तयारी असते ती जागा म्हणजे दुकान. २०११ साली सुप्रीम कोर्टानं एका मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात हाच व्यापक अर्थ उचलून धरला.

आता सांगा, रविवारी सकाळी फुगे लावून, एसी चालू ठेवून, ‘या बघा’ म्हणून उघडलेला सॅम्पल फ्लॅट दुकान नाही तर काय आहे? माझ्या समजुतीनं दुकानच आहे. कोर्टात कुणी तरी हे म्हणून बघायला पाहिजे.

समोरची बाजूही ठाऊक असू द्या, नाहीतर पहिल्या वकिलासमोर तोंडघशी पडाल. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की एका समाजानं आपल्यापुरती सहकारी सोसायटी काढून सभासदत्व आपल्यापुरतं ठेवलं तर चालतं. हा निकाल मला घातक वाटतो, पण तो आहे. मात्र पेपरात जाहिरात देऊन सगळ्या गावाला बोलावणारा बिल्डर म्हणजे काय पारशी सोसायटी नव्हे. नि महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे. पुरेसं कारण दिल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर रजिस्ट्रारकडं अपील आहे. अर्जावर तीन महिने मूग गिळून बसले तर कलम २२ प्रमाणं अर्जदार सभासद झालाच असं धरलं जातं. जुना फ्लॅट विकायला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागत नाही असं आदर्श उपविधीतच आहे. सेक्रेटरी एनओसीची भीती घालतो तेव्हा त्याला नम्रपणे विचारा, कुठल्या उपविधीप्रमाणं?

मग एवढं सगळं असून फ्लॅट नाकारला म्हणून कलम ४ खाली कुणाला बेडी पडल्याचं किती जणांनी ऐकलंय? अडतं कुठं? पुराव्याशी. एकटा माणूस गेला, नकार घेऊन आला. तो नकार जातीमुळं की फ्लॅट खरंच विकला गेला म्हणून, हे त्याचं त्यालाही छातीठोक सांगता येत नाही. आतून कळतं, पण आतलं कळणं कोर्टात चालत नाही. प्रत्येक नकार जातीचाच असतो असंही मी म्हणत नाही. फ्लॅट विकले जातात, भाव बदलतात, सेल्सचा पोरगा मठ्ठ असतो. हा फरक करायला एक युक्ती आहे, नि ती ज्यांच्याकडनं घ्यायची त्यांच्याकडनं आपण नाव घेतलं पण युक्ती घेतली नाही.

१९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं. त्याच अमेरिकेत घरविक्रीची ‘ओपन हाऊस’ नावाची रीत आहे. रविवारी दुपारी घरासमोर पाटी लागते, दार दोन-तीन तास उघडं, कुणीही आत यावं, फिरून बघावं. दार उघडं, पण एजंट काळ्या गिऱ्हाइकाला हळूच दुसऱ्या मोहल्ल्याकडं वळवतो. ‘तिकडं तुमचे लोक आहेत’, आठवलं का वाक्य? तिथं १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाल्यावर आठवड्याभरात, घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. जागा असताना वंशावरून ‘नाही’ सांगणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. कायदा झाला म्हणून एजंट सुधारले नाहीत. म्हणून लोकांनी जोड्या केल्या. एक काळा, एक गोरा. पगार सारखा, कुटुंब सारखं, मागणी सारखी. थोड्या वेळाच्या अंतरानं दोघांनी त्याच दारात जायचं नि काय सांगितलं ते लिहायचं. व्हर्जिनियात एका काळ्या बाईला जागा नाही म्हणाले, गोऱ्या माणसाला त्याच ठिकाणी आहे म्हणाले. घरवाल्याचा वकील ओरडला, हिला घर घ्यायचंच नव्हतं, ही खोटी गिऱ्हाईक! १९८२ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नसेल घ्यायचं, पण खोटं न ऐकण्याचा तिचा हक्क मोडला, तिला दावा लावता येतो. २०१९ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या ‘न्यूजडे’ या पेपरानं हीच युक्ती वापरली. २५ माणसं, ९३ एजंट, चोरून केलेलं रेकॉर्डिंग. काळ्या माणसांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली. २०१९ साली, एवढा कायदा असताना!

आपल्याकडं हे कुणी केलंच नाही असं नाही. सुखदेव थोरात नि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांसाठी सवर्ण, दलित, मुसलमान नावांनी फोन करून, प्रत्यक्ष जाऊन तपासलं. २०१५ साली ते छापून आलं. विद्वानांनी वाचलं, सेमिनार झाले. पण ते काम प्राध्यापकांवर सोडून भागणार नाही. आपल्याकडं दर वस्तीत पोरं आहेत, रविवार आहे, नि सॅम्पल फ्लॅट उघडा आहे. आणि हो, सिएटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, घरखरेदीसुद्धा त्यात आली. तिकडं जात कोणी नेली? आपल्याच शहरातले सुशिक्षित घेऊन गेले, लोणच्याच्या बरणीबरोबर. ती तिथं गुन्हा ठरली, नि इथं ‘फॅमिली क्राउड’!

तर जोडी करा. एक आपला, एक सवर्ण मित्र. चळवळीत येऊन भाषणं करणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे काम द्या. ‘काय करू सांगा’ म्हणून मागं लागतात ना? एक रविवार द्या म्हणावं. दोघांची नोकरी, पगार, घरातली माणसं, बजेट सारखं ठरवून घ्या. कपडे सारखे नीट. त्याच दिवशी, दोनेक तासांच्या अंतरानं, आधी आपला जाईल. नाव पूर्ण सांगायचं, आडनाव गिळायचं नाही. प्रश्न तेच विचारायचे नि त्याच क्रमानं: कुठले फ्लॅट शिल्लक, कुठल्या मजल्यावर, दर काय, टोकन किती, परत कधी येऊ. भांडायचं नाही. तिथं भांडलात तर साक्षीदार म्हणून संपलात. टोकन द्यायचं नाही. बाहेर आल्यावर एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी वेगवेगळं लिहून सही-तारीख घालायची. आधी बोललात तर दोघांच्या आठवणी एक होतात, वकील त्यातच धरतो. मेसेज आले असतील तर मूळ फोन जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कोर्टात साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

जाहिराती कुठं मिळतात विचारू नका. पेपर, स्टेशनबाहेरची होर्डिंगं, मोबाईलवरच्या साईटी, दसरा-पाडव्याच्या तोंडावर तर पूर येतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय, तो फोनवर धरला की प्रकल्पाची कुंडली निघते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही.

आणि एक. नुसती जात तपासून परत येऊ नका, भिंतीही तपासा. जे खरंच घर घ्यायला जातील त्यांचा पैसा बापाच्या फंडाचा नि आईच्या मंगळसूत्राचा असतो. सॅम्पल फ्लॅट हा नाटकाचा सेट असतो. दारं काढलेली, म्हणजे खोली मोठी वाटावी. पलंग आखूड बनवून घेतलेला. भिंतीभर आरसा. टेप घेऊन जा, मोजा, कार्पेट किती ते लेखी मागा. सेल्सवाला हसला तर हसू दे. सॅम्पल फ्लॅट किंवा जाहिरातीतल्या खोट्यावर विसंबून पैसे दिले नि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई आहे, प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. नोंदणीकृत करार व्हायच्या आधी किमतीच्या दहा टक्क्यांवर एक पैसा घेता येत नाही, ते कलम १३. आरशाच्या फसवणुकीवर कलम लिहिणाऱ्यांना आडनावाची फसवणूक मात्र दिसली नाही! अख्ख्या रेरात जातीवरून घर नाकारण्याबद्दल एक ओळ नाही. ती ओळ मागायची तर मंत्रालयावर मोर्चा न्या, जरूर न्या, पण हातात पन्नास भरलेल्या वह्या घेऊन न्या. नुसत्या घोषणांना ते निवेदन म्हणतात नि फाईलला लावतात.

येत्या रविवारी सुरुवात करायला शंभर पानी वही पुरते. पानावर रकाने आखा. तारीख नि वेळ, प्रकल्पाचा रेरा नंबर, कोण बोललं, कुठले फ्लॅट शिल्लक सांगितले, दर काय सांगितला, काय विचारलं. शेवटचा रकाना जरा रुंद ठेवा: आडनाव सांगितल्यावर काय बदललं.